हिरामण नानांचं सहावं मिनिट

हिरामण नानांवर माझा राग आहे. तो अजून गेलेला नाही आणि स्वस्तात जाणारही नाही. मी कुठलीच गोष्ट स्वस्तात देत नाही, मग रागच का द्यावा? पण एक कबूल करतो. सुरतेत येऊन मी सिंध्यांशी, मारवाड्यांशी, काठियावाड्यांशी सौदे केले. मला बोलीत हरवलं ते एकाच माणसाने, आणि तो व्यापारीसुद्धा नव्हता. कडोदऱ्याच्या एका रंगाई-छपाईच्या मिलमध्ये कापड तपासायच्या टेबलावर उभा राहणारा कामगार होता.

ते काम आधी सांगतो, कारण नानांचं पुढचं सगळं त्यातूनच निघालं. आम्ही लूमवाले कच्चं कापड विणून मिलला देतो. रंगात बुडवण्याआधी त्याचा एकेक ताका, म्हणजे तागा, एका तिरक्या काचेच्या टेबलावरून सरकवत नेतात. काचेखाली ट्यूबलाइट जळत असतात. कापड वरून सरकतं आणि चेकर त्यावर हात फिरवत उभा असतो. गाठ, तेलाचा डाग, तुटलेला धागा, काहीही हाताला लागलं की तिथे कापडाच्या किनारीला लाल दोरा बांधायचा. जितके दोरे जास्त, तितका माल हलका. नाना एकतीस वर्षं हेच करत होते.

आमची पहिली भेट भांडणानेच झाली. मी गोडादऱ्यात दुसऱ्याच्या लूमवर बारा-बारा तास उभा राहून नुकतेच स्वतःचे चार लूम टाकले होते. पहिल्याच मालाच्या एका ताक्याला नानांनी नऊ दोरे बांधले. मी टेबलापाशी गेलो आणि ओरडायला लागलो. हा डाग नाही, सावली आहे. ही गाठ नाही, सूतच असं येतं. सगळ्या सुरतेचं कापड सोडून तुम्हाला माझंच दिसतं का? नानांनी मान वर केली नाही. उंच, काटकुळा माणूस, चष्म्याची एक काडी त्याच लाल दोऱ्याने बांधलेली. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "गाव कोणतं?"

"अमळनेरकडचं."

"मंग आवाज कमी कर रे भो," ते अहिराणीवर आले. "इतला जोरमा बोलशी ते धागा तुटी जाई, नि माले दहावा दोरा बांधना पडी."

आजूबाजूचे चौघे हसले. मी हसलो नाही. नवाचे सात करायला गेलो होतो, पण दहा नाही झाले याच समाधानात घरी आलो. रिक्षात बसल्यावर कळलं की मला कोणीतरी गुंडाळलं आहे.

नानांना दुसऱ्याच्या कपड्याला हात लावल्याशिवाय बोलता यायचं नाही. तुम्ही मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला जा, ते तुमची बाही चिमटीत धरून बोलणार आणि मधेच म्हणणार, "इथे एक धागा सुटला आहे बरं का." साखरपुड्यात नवरीच्या साडीवरूनही त्यांचा हात फिरायला जायचा, मग नानी मागून त्यांचा सदरा ओढायच्या. वर्षानुवर्षं कापडावर घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. मिलमध्ये हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा त्याने नानांना ओळखायलाच नकार दिला. रोज सकाळी ते अंगठा ठेवत, मशीन नाही म्हणे, आणि मग वॉचमन रजिस्टर काढून त्यांची सही घेई.

याच अंगठ्याने त्यांना स्टेजवर नेलं. मिलमध्ये सुरक्षा सप्ताह होता. बडोद्याहून कोणी व्याख्याते यायचे होते, ते आलेच नाहीत. हिरल मॅडम म्हणून एक तरुण मुलगी कामगारांचं बघायला नवीनच लागली होती. समोर तीनशे माणसं, हातात माइक आणि चेहऱ्यावर घाम. "कोई बोलेगा क्या, दो शब्द?" असं तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मागच्यांनी नानांना ढकललं. मी दोऱ्यांवरून भांडायला मिलमध्ये आलो होतो, म्हणून तिथेच उभा होतो.

स्टेजवर नाना सुरतेची हिंदी बोलत, तिच्यात जागोजागी गुजराती. मी इथे मराठीत लिहितो. त्यांनी माइकची वायर चिमटीत धरली, कारण धरायला बाही नव्हती, आणि म्हणाले, "आपल्या मिलमध्ये सुरक्षा फार आहे. हेल्मेट आहेत. ती कपाटात आहेत. कपाटाला कुलूप आहे. किल्ली मोठ्या साहेबांकडे आहे. साहेब मुंबईला गेले की जगातली कोणतीही वस्तू त्या हेल्मेटांच्या डोक्यावर पडू शकत नाही."

तीनशे माणसं एकदम हसली. मोठे साहेबही हसले, कारण ते पहिल्याच ओळीत होते आणि दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मग नानांनी अंगठा वर केला. "हे मशीन म्हणतं, हा माणूस आलेला नाही. मी रोज त्याच्यापुढे उभा राहून सांगतो, आलोय रे बाबा. ते म्हणतं, नाही. मग मी आत येऊन दिवसभर काम करतो. संध्याकाळी मी पुन्हा अंगठा ठेवतो, तर ते म्हणतं, जो आलाच नाही तो जाणार कसा? एवढ्यासाठी मी कधीकधी जास्त वेळ थांबलोय."

दुसऱ्या दिवशी हेल्मेटांच्या कपाटाचं कुलूप निघालं. त्या आठवड्यातच हिरल मॅडमने आपल्या दोन-तीन मैत्रिणींना फोन केले, त्या निरनिराळ्या कंपन्यांमध्ये तिच्यासारख्याच कामाला होत्या. त्यांनाही वार्षिक कार्यक्रमात असा माणूस हवा होता, ज्याने लोक हसतील आणि दुसऱ्या दिवशी कोणाची तक्रार येणार नाही. तोवर त्यांनी आणलेल्या हसवणाऱ्यांनी म्हणे बायका, सासवा आणि जाड माणसं एवढंच आणलं होतं, आणि तीन वेळा माफीची पत्रं लिहावी लागली होती.

नाना घाबरले. मी घाबरलो नाही. मला माल दिसला की कळतो. "तुम्ही फक्त बोला," मी म्हणालो, "बोली मी करतो." आम्ही कापड मीटरवर विकतो, म्हणून मी नानांना मिनिटावर विकायला सुरुवात केली.

"लोटन, हसणं काय मिनिटावर विकतात?"

"मग काय किलोवर?"

त्यावर त्यांनी माझी बाही धरली. हो म्हणायची त्यांची हीच रीत होती.

पहिलंच बोलावणं एका विमा कंपनीच्या ऑफिसचं. त्यांनी दोन पानी यादी पाठवली, या विषयांवर बोलू नये म्हणून. धर्म, राजकारण, जात, नवराबायको, सासू, वजन, रंग, टक्कल, पगार, बढती, साहेब. शेवटून दुसऱ्या ओळीत साहेबांचा कुत्रा. मी फोनवरच तापलो. "मॅडम, मग हा माणूस तिथे येऊन काय आरती करणार का?" नानांनी मात्र चष्मा पुसून ती यादी दोनदा वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"चांगली यादी आहे," ते म्हणाले. "यात चहाचं मशीन नाही."

त्या दिवशी ते वीस मिनिटं चहाच्या मशीनवर बोलले. "चार बटणं आहेत. चहा, कॉफी, सूप, गरम पाणी. मी चारही दाबून पाहिली. मी रंगाईच्या मिलचा माणूस आहे, मला फसवू नका. कापड एकच आहे, फक्त डाय वेगळा." विमावाले खुर्च्यांवरून घसरत होते. साहेब तर उठून मशीनपाशी जाऊन सूप घेऊन आले आणि सगळ्यांसमोर पिऊन म्हणाले, "चहाच आहे."

यादीखेरीज नानांची स्वतःचीही एक रीत होती आणि तीच मला फार महाग पडली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते त्या कंपनीत जात. साहेबांच्या केबिनमध्ये जात नसत, कॅन्टीनमध्ये जाऊन बसत. वॉचमनबरोबर, फरशी पुसणाऱ्या बाईबरोबर, टपालवाल्याबरोबर चहा पीत आणि एकच प्रश्न विचारत, "इथे लोक कोणाला हसतात?" प्रत्येक ऑफिसात असा एक माणूस असतोच. त्याचं नाव मिळालं की नाना वहीत लिहून घेत. मला वाटायचं, चला, मसाला मिळाला. पण नाना त्या नावाभोवती चौकोन काढत आणि स्टेजवर त्याच्या आसपाससुद्धा फिरकत नसत.

"का पण? तयार माल आहे!" मी ओरडायचो.

"त्याले सकाय परत तठेच बठनं शे," नाना म्हणत. म्हणजे, त्याला उद्या परत तिथेच बसायचं आहे. "आपण चाळीस मिनिटं बोलणार आणि रिक्षात बसून घरी जाणार. त्याला त्याच खुर्चीवर, त्याच लोकांत बसायचंय. आपला जोक त्याच्या टेबलावर राहून जातो, लोटन. तेलाचा डाग आहे तो, धुतला तरी सावली राहते."

वहीची भानगड तर आणखी पुढची होती. प्रत्येक नवा जोक ते रात्रीच्या जेवणाला नानींना ऐकवत. नानी कधीच हसत नसत. त्या भाकरी थापत ऐकत आणि गोष्ट संपली की एकतर पुढची भाकरी घेत, नाहीतर विचारत, "मंग त्या मानुसनं काय व्हयनं?" मग त्या माणसाचं काय झालं? नानींनी पुढची भाकरी घेतली तर जोक पास. तो प्रश्न विचारला, तर नाना सुईदोरा घेऊन वहीच्या त्या पानाच्या कडेला लाल टाका घालत. पान फाडत नसत. माल परत केला तरी कोणता केला ते माहीत असावं, म्हणत. मी एकदा वही चाळली. अर्ध्या पानांना टाके होते. सगळ्यात चांगले जोक टाक्यांचेच होते, हे मी आजही शपथेवर सांगीन.

मीही एक दिला होता. बँकेतल्या आमच्या जाड्या कॅशियरचा, खुर्चीत अडकल्याचा. मला स्वतःलाच हसू आवरत नव्हतं. नानींनी हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मंग त्या मानुसनं काय व्हयनं?" मी म्हणालो, "काय व्हणार? खुर्ची तोडली." नाना सुई शोधायला उठले.

आता माझ्या रागाचं कारण सांगतो.

कडोदऱ्याला हायवेवर कपडे शिवणारी एक मोठी कंपनी आहे. तिचे शेठ जयेशभाई. त्यांनी वर्षभराचं कापड माझ्याकडून घेतलं असतं तर मी चार लूमवरून चोवीस लूमवर जाणार होतो. दोन वर्षं मी त्यांच्या मागे होतो. दिवाळीनंतर त्यांच्याकडे स्नेहमिलन असतं, दुपारी कार्यक्रम आणि मग सगळ्यांचं जेवण. जयेशभाईंनी मला बोलावून सांगितलं, "लोटनभाई, तमारा नाना ने लावो. पण पाच मिनिट अमारा मुकेश पर जोइए." म्हणजे नानांना आणा, पण पाच मिनिटं आमच्या मुकेशवर पाहिजेत.

हा मुकेश माल रवाना करणारा कारकून. वर्षभरापूर्वी त्याने दोन ट्रकांच्या चिठ्ठ्या उलट्या लावल्या होत्या. लग्नाच्या शेरवान्या एका शाळेत गेल्या आणि शाळेचे गणवेश लग्नाच्या दुकानात. तेव्हापासून सगळी कंपनी त्याला 'वरराजा' म्हणत असे. जयेशभाई म्हणाले, स्टेजवर हे झालं की धमाल येईल, मग सोमवारी आपण कापडाचं नक्की करू. मी जागच्या जागी हो म्हटलं. माझे वीस लूम त्या पाच मिनिटांत अडकले होते.

नाना रीतीप्रमाणे आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये जाऊन आले आणि थेट माझ्या कारखान्यात आले. "मुकेशवर नाही," ते म्हणाले. "मी बघितलं त्याला. डबा भिंतीकडे तोंड करून खातो."

"अहो नाना, मी शब्द दिलाय!"

"शब्द तुझा, तोंड माझं."

मी बाह्या वर केल्या. ओरडलो. वीस लूम मोजून दाखवले, मधल्या रिकाम्या जागेत हात फिरवून दाखवले, कुठला कुठे बसणार ते. नाना बराच वेळ त्या रिकाम्या फरशीकडे बघत होते. त्यांनाही ते लूम दिसले असावेत, कारण ते मऊ पडले.

"जयेशभाईंना काय पाहिजे? एका माणसावर पाच मिनिटं आणि धमाल?"

"बस, एवढंच."

"पाच मिनिटं एका माणसावर बोलतो. पक्कं."

"सहावं नको, चौथ्यावर थांबायचं नाही," मी म्हणालो. मला वाटलं, जिंकलो. मालाचं नाव न ठरवता सौदा करणारा लोटन पाटील मी आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. जयेशभाई आणि मी पहिल्या ओळीत, मुकेश मागे खांबाच्या आडोशाला. नानांनी चहाचं मशीन केलं, अंगठा केला, लोक रंगात आले. मग ते थांबले. "आता एका माणसावर पाच मिनिटं," ते म्हणाले. हॉलमधल्या माना खांबाकडे वळायला लागल्या. मुकेशने रुमाल काढून तोंड पुसायला घेतलं. "या हॉलमध्ये सगळ्यांना उद्या सकाळी परत इथे यायचंय. एकच माणूस असा आहे की ज्याला यायचं नाही. तो पहिल्या ओळीत शेठच्या शेजारी बसलाय. लोटनशेठ, नमस्कार."

मी नमस्कार केला. अजूनही मला काही कळलं नव्हतं.

"हे आमचे लोटनशेठ. यांचा दात दुखत होता. डॉक्टरांनी भाव सांगितला. हे म्हणाले, आणि शेजारचाही बरोबर घेतला तर? एकदा माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढले. लिफ्टवाल्याने विचारलं, कितवा मजला? हे म्हणाले, आधी तुम्ही बोला. तो म्हणाला, पाचवा. हे म्हणाले, तिसऱ्यावर करा."

हॉल कोसळला. जयेशभाई माझ्या मांडीवर थापा मारत होते. तिथवर मी सहन केलं असतं. पण मग नानांनी माझ्या धंद्याची गुरुकिल्लीच टेबलावर काढून ठेवली.

"यांचा राग बघितलाय? यांच्या रागाचाही ताका असतो, मी पूर्ण तपासलाय. पहिल्या मीटरला बाही वर जाते. दुसऱ्याला आवाज. तिसऱ्याला हे उठतात, सौदा मोडला म्हणतात आणि दारापर्यंत जातात. दारात थांबतात. कोणी हाक मारली नाही तर चप्पल शोधायला लागतात. खूप वेळ शोधतात. चप्पल पायातच असते."

ते दारापर्यंत जाणं शिकायला मला कित्येक वर्षं लागली होती. किती पावलं टाकायची, कुठे रेंगाळायचं, पाठ कशी दिसली पाहिजे, सगळं. माझ्या डोक्यात गरम वाफ गेली. मी उभा राहिलो आणि घड्याळ वर धरून ओरडलो, "नाना! पाच मिनिटांची बोली होती! सहावं चालू आहे!"

लोकांना वाटलं, हे ठरवलेलं आहे. काही जण उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मी आणखी चिडलो, बाही वर केली आणि तरातरा दाराकडे निघालो. आणि सवयीने दारात थांबलो.

चारशे माणसं श्वास रोखून माझ्या पायांकडे बघत होती. तेवढ्यात खांबाआडून एक बारीक आवाज आला, "शेठ, चप्पल पगमां ज छे!"

तो मुकेश होता. सगळी कंपनी त्याच्याकडे वळून हसली आणि तो त्यांच्याबरोबर हसत होता. शेजारच्याने त्याच्या पाठीत धपका घातला.

सोमवारी जयेशभाईंनी कापडाचं नक्की केलं. वीस लूम आले. हे मी लपवत नाही. पण त्या दिवसापासून माझं हत्यार गेलं ते गेलंच. कोणीतरी फोनवर सगळं चित्रित केलं होतं आणि ते सुरतेच्या प्रत्येक मार्केटमध्ये फिरलं. मी भाव बोललो की समोरचा हसतो. बाही वर केली की आतून पोरांना बोलावतात, या, या, बघायला या. दारापर्यंत गेलो तर हाक मारत नाहीत, पायांकडे बघत बसतात. आता मला पहिल्याच वाक्याला खरा भाव सांगावा लागतो. माझ्यासारख्या माणसाला हे काय जगणं आहे?

मी नानांशी बोलणं सोडलं. त्यांची बोली करणंही सोडलं. पुढचे कार्यक्रम हिरल मॅडम ठरवायला लागली. माझा माल मात्र त्यांच्याच टेबलावरून जायचा. मी मुद्दाम दोरे मोजायचो. मला आशा होती की ते रागाने जास्त बांधतील, म्हणजे मला भांडता येईल. किंवा लाजेने कमी, म्हणजे मला टोमणा मारता येईल. दोन्ही केलं नाही त्यांनी. माल जसा, तेवढेच दोरे. दीड वर्ष गेलं. त्यांचे फोन आले, मी घेतले नाहीत.

मग नानांच्या निवृत्तीचं आमंत्रण आलं. मिलच्या कॅन्टीनच्या हॉलमध्ये, दुपारी, त्यांच्या शेवटच्या पाळीनंतर. मी जायचं ठरवलं. मी तयारीने गेलो. नाना माझ्यावर काय काय बोलतील ते सगळं आठवून तीन जबाब कागदावर लिहून खिशात ठेवले. चपलेऐवजी नाडीचे बूट घातले. पहिल्या ओळीत मधोमध बसलो.

नाना उठले. "आज या हॉलमध्ये एकच माणूस असा आहे की ज्याला उद्या इथे यायचं नाही," ते म्हणाले, आणि चाळीस मिनिटं स्वतःवर बोलले. लग्नात अंतरपाटामागून बायकोच्या शालूला गाठ सापडल्याची गोष्ट, आणि भटजी थांबलेले असताना दोरा शोधायला खिशात हात घातल्याची. आज मशीनला शेवटचा अंगठा दिला तेव्हा त्याने पहिल्यांदाच ओळखलं, असं त्यांनी सांगितलं. "एकतीस वर्षांनी म्हणालं, आलात? बसा." लोक हसता हसता डोळे पुसत होते.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "लोटनशेठ!" दुसऱ्याने उचललं, "चप्पल! चप्पल!" सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. मी खिशातल्या कागदाला हात लावला. बूट जमिनीवर घट्ट रोवले. नानांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, टेबलावर कापड थांबवून बघावं तसं.

"नाही," ते माइकवर म्हणाले. "त्यांना उद्या परत बाजारात बसायचंय." आणि माइक बाजूला धरून आपल्या भाषेत, माझ्या एकट्यासाठी, "लोटन, तुले सकाय परत तठेच बठनं शे."

तीन जबाब. तिन्ही फुकट गेले.

गेटबाहेर रिक्षा उभी होती. नाना कायमचे गावाला निघाले होते. नानी आत सामान मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "त्या दिवशी यान्ही माले तुनं सगळं सांगं. मी इचारं, मंग लोटननं काय व्हयनं? तवय हाऊ धड जेवनाबी नही." म्हणजे, कार्यक्रमाहून घरी आल्यावर नानांनी सगळं सांगितलं होतं आणि त्या रात्री ते धड जेवलेही नव्हते.

नानांनी पिशवीतून वही काढली आणि त्यातलं एक पान अलगद वेगळं करून माझ्या हातात दिलं. त्यांनी फाडलेलं पान मी पहिल्यांदाच बघत होतो. वर माझं नाव, खाली दात, लिफ्ट, दार, चप्पल. कडेला लाल टाका.

"एवढं होतं तर दीड वर्ष काय करत होता?" मी ओरडलोच.

"तू दारलगून गयथा," नाना म्हणाले, म्हणजे दारापर्यंत गेला होतास. "माले वाटनं, परत येशी."

त्यांनी माझी बाही चिमटीत धरली. मला वाटलं, आता धागा सुटलाय म्हणतील. पण त्यांनी ती नुसती धरून सोडली आणि रिक्षात बसले.

रिक्षा हायवेकडे वळायला लागली तेव्हा मला सुचलं की निरोपाचं मी काहीच बोललो नाही, आणि हे मला शोभत नाही. पान हातात धरून मी रिक्षामागे धावलो आणि रस्त्यावरची माणसं थांबतील एवढ्या जोरात ओरडलो, "नाना! सहा मिनिटं होती! मी घड्याळ लावलं होतं!"

रिक्षाच्या बाजूने एक लांब, काटकुळा हात बाहेर आला. पाचही बोटं ताठ उघडलेली. हायवेला लागेपर्यंत तो हात तसाच बाहेर होता, आणि त्यांनी एकही बोट वाढवलं नाही.